दीड हात ईशान्येला

दुपारी पिंकी झोळीत झोपली की मला तासभर मिळतो, फार तर सव्वा. एप्रिलात जुळे सोलापूरच्या आमच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. खिडकीला ओली चादर लावलेली, कूलर घरघरतोय, आणि मी एका पायानं झोळीची दोरी हलवत लॅपटॉपवर शहर कापतेय.

पुण्याच्या एका कंपनीकडे सोलापूरच्या पावसाळी गटारांचं काम आलं होतं. ड्रोननं सगळ्या शहराची उंची मोजून झाली होती. शहरावर आलेखाचा कागद अंथरावा तसे मीटर-मीटरचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: तिथली जमीन किती उंच. ती अवाढव्य फाइल उघडायला गेलं की माझा लॅपटॉप धापा टाकायचा, म्हणून ती न उघडताच कापायची. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत आज्ञेची एकच ओळ लिहायची. कुठल्या फाइलमधून, पश्चिम-पूर्व कुठून कुठवर, दक्षिण-उत्तर कुठून कुठवर, आणि तुकडा कुठल्या नावानं ठेवायचा. एंटर. कर्सर जरा लुकलुकतो आणि तुकडा तयार. चित्र नाही, आवाज नाही. बाळाची झोप मोडणार नाही असं काम शोधत होते, ते हेच.

पिंकी पाच महिन्यांची. वरचं काही सुरू केलं नव्हतं, अंगावरच प्यायची. पिताना माझ्या डोळ्यांत बघत राहायची आणि एका मुठीत माझं मंगळसूत्र घट्ट धरायची, जसं काही मी उठून जाणारच आहे. नोकरी सुटल्याचं जे काही वाईट वाटत होतं ते त्या मुठीत विरघळलं.

त्या आठवड्यात आमचाच भाग कापायला आला. चार सीमा मीच ठरवल्या. उत्तरेची रेघ आसरा पुलाच्या अलीकडच्या उतारावरून नेली. मग एक शंका आली. चौकोनातला आकडा त्याच्या मध्याचा धरायचा की कोपऱ्याचा? आमच्या कामात हा घोळ नेहमीचाच. फाइल बनवणारा ते लिहीत नाही, आणि कापणाऱ्यानं चुकीचं धरलं की अख्खा तुकडा अर्धा चौकोन सरकतो. नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. मी अंदाजानं ओळीच्या शेवटी दुरुस्तीचं अक्षर जोडलं. तुकडा अर्धा चौकोन पूर्वेला सरकला, अर्धा उत्तरेला. तिरकं मोजलं तर दीडएक हात, ईशान्येला. मी तो पाठवून दिला.

झोळी हलली. पिंकी जागी झाली होती. मी वाकले. ती हसली, दोन्ही हात वर केले.

माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी.

मला वाटलं, भिंतीवर पाल असेल. नव्हती. मी उचलून घेतलं तशी ती अंग टाकून रडायला लागली, खिडकीच्या बाजूला झेपावत. छातीशी धरलं तर तोंड फिरवलं. शेवटी कंटाळून पलंगावर ठेवलं आणि शेजारी आडवी झाले. ती वळवळत माझ्यापासून लांब गेली. दीडएक हात गेल्यावर थांबली, कुशीवर वळली, आणि तोंड उघडून हवेत चोखायला लागली.

गप्पकन शांत झाली. गळ्यात घोट उतरताना दिसत होते.

सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, शेंगा वाळत घालून गच्चीवरून खाली आल्या. दारात उभ्या राहून पदरानं वारा घेत म्हणाल्या, "झोपली व्हय?"

"पीत नाही हो आत्या. उठल्यापासून तोंडच लावत नाही."

"आता काय करती मग ती? पिती की चांगली."

"कुठं?"

"कुटं म्हंजे! तुज्या कुशीत हाय की. तुला झोप लागली हुती वाटतं. लई कॉम्प्युटर बघू नगं पोरी, डोळं फुटत्याल."

उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मी तसंच समजले.

पुढचे दिवस मी तिच्याभोवती फिरून बघण्यात घालवले. दाराकडे तोंड करून बसले, पिंकी माझ्या उजवीकडे बघायची. भिंतीकडे तोंड केलं तर डावीकडे. म्हणजे डावं-उजवं काही नव्हतं. मी कुठंही, कशीही बसले तरी ती खिडकीच्या कोपऱ्याकडचीच एक जागा धरायची, माझ्यापासून तेवढ्याच अंतरावरची. दिशा कुठली ते मला माहीत होतं. ते मनात यायला लागलं की मी उठून भांडी घासायचे.

छाती दगडासारखी झाली. ताप भरला. वाटीत दूध पिळून मोरीत ओतताना मला रडू यायचं, आणि तिकडे पलंगावर, एकटी, पिंकी पोटभर पिऊन ढेकर द्यायची. लंगोट ओले होत होते. गाल वर येत होते. तिला उपास घडत नव्हता. तिला फक्त मी लागत नव्हते.

शिवराजला फोन केला. तो चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात असतो, मागे मागांचा खडखडाट. "अगं, बापाकडं तरी कुठं बघती ती? पंख्याकडं बघती," तो ओरडून म्हणाला. "दवाखान्यात दाखवून ये. माझी आई यायची म्हणली तर नेऊ नको, डॉक्टरलाच औषध सांगंल ती."

रिक्षा केली आणि सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी फिरवून डोळे पाहिले, वजन केलं. वाढलं होतं, छान वाढलं होतं. मी म्हटलं, पीत नाही. ते म्हणाले, पाजून दाखवा.

पडद्याआड बसले. पिंकीनं मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग अशी तुटून पडली की मला ओरडावंसं वाटलं. मूठ चाचपडत वर आली आणि तिनं मंगळसूत्र धरलं.

"झोप काढा जरा," पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले. "पहिलटकरणींचं असं होतं."

परत येताना ती माझ्या मांडीवर होती. माझ्याकडे बघून हुंकार देत होती, मीही देत होते. रिक्षा आसरा पुलावर चढली, रूळ ओलांडले, उतरायला लागली. उताराच्या मध्यावर तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरली. शेजारच्या रिकाम्या सीटच्या टोकाशी गेली. तिकडे बघून तिनं हुंकार दिला.

"मागं घ्या," मी म्हटलं.

"आँ?"

"दादा, रिक्षा मागं घ्या. पुलावर."

"बाळाचं काय राह्यलं का तिकडं, ताई?"

वर गेलो. नजर परत आली. खाली आलो. गेली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी उतारावरच्या त्या जागेकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, एक बंद टपरी. पण ती उत्तरेची रेघ होती. मीच टाइप केलेली.

घरी आल्यावर मी पाणीसुद्धा प्यायले नाही. पिंकीला मांडीवर तसंच धरून काळी खिडकी उघडली. तीच ओळ, त्याच चार सीमा. शेवटचं अक्षर काढलं. एंटर. "आधीच्या तुकड्यात चूक होती, ही फाइल वापरावी," असं लिहून नवा तुकडा पाठवून दिला.

कर्सर लुकलुकत होता. पिंकीनं मान वळवली.

माझ्याकडे.

आत्या धावत आल्या. "काय झालं? का रडती गं?"

"पितेय, आत्या."

"मग त्यात रडायचं काय? रोजच पिती की."

पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. तिला पाजलं. तिच्या पापण्या मोजत बसले. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर कुठे थांबते, भुवईवर की नाकावर, ते बघत बसले.

तिसऱ्या दुपारी यशपालचा फोन आला. हे काम तोच बघतो, पुण्याहून.

"मॅडम, नवी फाइल कशाला पाठवलीत? आधीचीच बरोबर होती."

पिंकी पीत होती. मी आवाज खाली आणला. "कशावरून?"

"आमची पोरं साइटवर जाऊन आली ना. खुणेचे दगड ताडून पाहिले. पहिली फाइल बोट ठेवल्यासारखी बसते. ही दुसरी सरकलीये. सगळीच्या सगळी."

"यशपाल, नवीच ठेवा."

तो हसला. "का? गटार तुमच्या जिन्याखालून न्यायचंय? अहो, उतार चुकेल. पाणी लोकांच्या घरात शिरेल."

"दीड हाताचाच फरक आहे."

"तेच म्हणतोय मी. असू दे, बाळामुळे झोप नसेल तुमची. मी जेवून येतो आणि जुनी चढवतो."

"थांबा. आज नको."

फोन ठेवला गेला होता.

पहिली बरोबर होती. म्हणजे त्या दिवसांत पिंकी भलतीकडे बघत नव्हती.

मी पलंगावर बसले होते, भिंतीला टेकून. कूलर घरघरत होता. पिंकीचं तोंड गरम होतं, मूठ घट्ट होती. तिनं डोळे माझ्यावरून काढले नव्हते.

मीच काढले. खिडकीच्या बाजूला पाहिलं.

पलंगावरची चादर कोरडी होती, सकाळीच बदललेली. माझ्यापासून दीडएक हातावर तिच्यावर एक ओला ठिपका पडला होता, रुपयाएवढा. मी हात लांब करून बोट लावलं.

कोमट. बोटाला दुधाचा वास.

मी पिंकीला आणखी जवळ ओढलं. बोटाशेजारी दुसरा थेंब पडला.