नात्याचा रकाना

आमची पहिली भेट झाली ती एका वाया गेलेल्या नमुन्यावरून. जुलैची, म्हणजे आमच्याकडे ऐन थंडीची सकाळ होती, आमच्या लॉन्सेस्टन शहरावर धुकं उतरलेलं, आणि माझ्या खिडकीशी एक उंच माणूस मासेमारीची बर्फाची पेटी पोटाशी धरून उभा होता. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत वीर्य तपासते, शुक्राणू मोजते. पेटी उघडली, तर बाटली बर्फात गळ्यापर्यंत रुतवलेली!

"कोणी सांगितलं हो बर्फात ठेवायला?"

"कोणी नाही... आमच्या वळूंचं गोठवूनच येतं की."

त्याचं नाव फर्गस. जवळच्या डेलोरेन गावात त्याच्या दीडशे दुभत्या गाई. मी त्याला समजावलं, वळूच्या वीर्यात आधी औषध मिसळतात, मग बेताबेताने गोठवतात. माणसाचं अंगाशी धरून, ऊब राखून, तासाभरात आणायचं असतं. हे ऐकून बिचाऱ्याचा चेहराच उतरला. सोमवारी त्याचं एक वृषण काढणार होते, कॅन्सर होता; पुढे केमो. त्याआधी काही साठवलं नाही, तर बाप व्हायची वाट कदाचित कायमची बंद.

"मग आज, इथेच," मी म्हटलं. "मागची खोली रिकामी आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही... बाहेर थांबणार?"

"मला तेवढा वेळ नाही."

तो हसला, आणि खरं सांगते, मी तिथेच घसरले. दुसऱ्या बाटलीत शुक्राणू थोडे होते, पण जिवंत होते. तीन नळ्या भरून गोठवल्या.

ऑपरेशननंतर तो स्कॅलप-पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री घेऊन आला, आभार मानायला. मग केमोच्या प्रत्येक खेपेला यायचा. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाचा पट्टा मात्र चालूच. एक गेलं तरी दुसरं डबल ड्यूटी करतंय, असं एकदा सगळ्यांदेखत म्हणाला. मी लाजायला हवं होतं... लाजले नाही. केमो संपल्यावर शहराजवळच्या घळीतल्या झुलत्या पुलावर त्याने माझा हात धरला, आणि पूल संपला तरी सोडला नाही.

लग्नाचा विषय मीच काढला. तिथे गडी अडला.

"दीड वर्षाने मोजणी आहे," तो म्हणाला. "शून्य आली, तर त्या तीन नळ्यांवर भरवसा किती ठेवायचा? तू मोकळी, ब्रायनी."

माझं डोकंच फिरलं. "मी दिवसाला वीस जणांचे मोजते. आकडा बघून आजवर एकाच्याही प्रेमात पडले नाही."

पण ऐकेल तर शपथ! दीड वर्ष भेटायचा, हसवायचा, आणि लग्नाचं काढलं की गाईंकडे पळायचा. मला मूल हवं होतं, नाही कशाला म्हणू? पण आधी हा माणूस हवा होता.

मोजणीचा दिवस उजाडला. या खेपेला बाटली शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली होती. आमच्याकडे एक नियम आहे, आपल्या माणसाचा नमुना आपण मोजायचा नाही, मन आकड्याला भुलतं. तो सहकाऱ्याकडे द्यायचा, कागदावर नातं लिहायचं, आणि खाली रुग्णाने सही करायची. मी बाटली माझी सहकारी मोइरा हिच्याकडे दिली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं – होणारा नवरा.

कागद खिडकीतून सरकवला. त्याने वाचला. पुन्हा वाचला.

"अगं, मोजणी व्हायची आहे अजून."

"म्हणून तर आत्ता लिहिलं. मोजणीनंतर लिहिलं असतं, तर तुला आयुष्यभर वाटलं असतं, आकडा बघून लिहिलं."

 त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि शून्य आली तर?"

"तर रडू. दोघं मिळून रडू, फर्गस. तू एकटा नाहीस."

आतून मोइराने हाक मारली, "नमुना गार होतोय, सही झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही, काय ते लवकर ठरवा."

फर्गसने पेन मागितलं. सही ठसठशीत केली. कागद मोइराकडे गेला आणि ती मोजायला बसली.

निकाल दुपारी येणार होता. आम्ही तोवर अंगठी बघायला गेलो.