जैतूसाठी एक भोक

माझा धंदा चित्रं बांधून पोचवायचा. चित्रकार वर्षभर खपून दाखवतो ते मी दहा मिनिटांत झाकतो. दाद मात्र त्यालाच मिळते.

टोकावड्यापुढच्या पाड्यावरून ठमीबाईंचा कॅनव्हास शहापूरच्या प्रदर्शनाला न्यायचा होता. शेणाच्या लेपावर पांढऱ्या रंगात नाचणाऱ्यांचा फेर, आणि मधोमध तारपा फुंकणारा माणूस.

"ह्यो आमचा पोरगा, जैतू," त्या म्हणाल्या. "जाऊन सा वर्सं झाली. फोटो कदी काढलाच नाय, ह्योच काय तो. नेता तसा आणा."

मी बटर पेपर लावला. त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. आत ठेवले तर रंगावर वण उठतात. वरून पुठ्ठा.

ठमीबाईंनी जैतूच्या तोंडासमोर पुठ्ठ्यावर बोट टेकवलं. "हितं भोक ठेवा, दादा. फुकतोय तो."

"भोकातून धूळ जाते, बाई."

"धूळ झटकता येते."

वादात हरलो की मी चिकटपट्टी जास्त लावतो. तेच केलं.

मुरबाडला चहा पिताना टेम्पोत फटाफट फुगे फुटायला लागले. "उनानं," ड्रायव्हर भगीरथ म्हणाला. मला पटलं. मग दिसलं, टेम्पो वडाच्या सावलीत उभा होता.

शहापूरला उघडलं. बटर पेपर कोरडा, फक्त एका जागी बोराएवढा ओला. त्यासमोरचे तेवढेच फुगे फुटलेले. रंगाला ओरखडा नाही.

तारपा जैतूच्या पायाशी पडला होता.

बांधण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढतो, मागाहून भांडण नको म्हणून. फोटोत तारपा तोंडाला होता.

ठमीबाईंना फोन केला.

"दम लागला ना त्याला?" त्या म्हणाल्या. "येताना तरी भोक ठेवा."

परतताना करंगळीएवढं भोक ठेवलं. म्हसा गावची जत्रा भरलेली. मुरबाडला, म्हशाच्या फाट्यावर तासभर अडकलो. एकही फुगा फुटला नाही.

पाड्यावर पुठ्ठा उतरवला. भोकातून आता माझी मूठ जात होती. कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या.

तारपा पुन्हा तोंडाला. फोटोशी ताडून पाहिलं, तंतोतंत.

"फाट्यावर उतरला असंल," ठमीबाई म्हणाल्या. "जत्रेचा लई नाद."

मी हसलो. मग खाली पाहिलं.

जैतूच्या पांढऱ्या पायांवर घोट्यापर्यंत तांबडी धूळ होती.

ठमीबाईंनी ती पदराने झटकली.