फार निळं लक्षद्वीप

पेणमध्ये खासगी गुप्तहेराला फारसं काम मिळत नाही, कारण तिथं सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. तरीही इंदुबाई मोकल यांनी पोस्टातून निवृत्त झाल्यावर, १९९४ साली, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर पाटी लावली. मदतीला एसटीचे निवृत्त कंडक्टर पुंडलिक होते. बिनतिकिटाचा माणूस ते लांबून ओळखत. बाकीचे गुन्हे त्यांना जवळूनही दिसत नसत.

जुलैतल्या त्या सकाळी खाली शंभरेक गणपती मुकुटापर्यंत रंगून डोळ्यांवाचून बसले होते. डोळे लिहायला, म्हणजे रेखायला, जोहे गावच्या सीताबाईच लागत, आणि सीझनात त्यांना सवड नव्हती. त्या गणपतींमधून वाट काढत काळ्या चष्म्यातले एलियास अष्टमकर जिना चढून आले.

"बाई, माझा नकाशा चोरीला गेलाय."

"कशाचा?"

"लक्षद्वीपचा. बारा कंकणद्वीपं. समुद्रात पोवळ्याच्या बांगड्या पडल्यात असं समजा, आणि प्रत्येकीच्या आत उथळ पाणी. सर्व्हेच्या जहाजावरची माझी सगळी वर्षं त्यांतच गेली. नंतर घरी बसून मोठा नकाशा काढला, वर्णन लिहिलं. वीस वर्षं लागली. एक बेट पुरं केल्याशिवाय मी दुसऱ्याला हात लावत नाही."

"भिंत रिकामी दिसली तेव्हा किती वाजले होते?"

"भिंतीवर नकाशा आहे की. पण तो माझा नाही. फार निळा आहे."

पुंडलिकांनी वहीत 'चोरी' लिहिलं होतं, ते खोडलं.

एलियास आठ दिवस अलिबागला उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी होते. दवाखान्यानं ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी सोडलं आणि काल ते रोह्याला घरी परतले. नव्या डोळ्याला सगळं उजळ दिसतं, असं घरचे, शेजारी आणि खुद्द डॉक्टर सांगत होते.

"उद्या दहाला छापखान्याचा माणूस नकाशा न्यायला येतोय," एलियास म्हणाले. "या नकाशात आतल्या पाण्यातले खडक नाहीत. माझ्या नावावर विसंबून कुणी होडी आत घातली, तर?"

रोह्याच्या घरात नकाशा खरोखरच देखणा होता. इंदुबाईंनी एलियासना आधी उजवा डोळा मिटायला लावला, मग डावा.

"दोन्हींनी तेवढाच निळा," एलियास म्हणाले. "डाव्याचं ऑपरेशनच झालेलं नाही."

बाराही बेटांच्या वाळूवर सोनेरी छटा होती, माडांना पानं होती. समुद्राच्या खोलीचे आकडे शिस्तीत होते. आतलं पाणी मात्र बाराही ठिकाणी कोरं होतं. नकाशाच्या वर छताच्या फळ्यांना आणि भिंतीच्या तेवढ्याच पट्ट्याला ताजा चुना लागला होता.

एलियासची भाची शीरा म्हणाली, "मी मामांबरोबर अलिबागलाच होते. त्या भिंतीपाशी मला टीव्ही ठेवायचा होता, हे खरं. पण टीव्हीसाठी कुणी दुसरा नकाशा लावतं का? चुना जोनाथनकाकांनी मारला असेल, किल्ली त्यांच्याकडे होती."

शेजारचे जोनाथन खुर्चीतून उठले नाहीत. "स्टुलावर चढलो की मला चक्कर येते. याच्या वर्णनातलं व्याकरण मी सुधारलं, पुस्तकावर नाव मात्र याचं एकट्याचं. नकाशा पळवायचा विचार मनात आला होता. जमलं नाही. दुसरी किल्ली वरच्या भाडेकरूकडे असते."

वरच्या खोलीत राहणारा आदर्श नागोठण्याच्या कंपनीत कामाला होता, आज घरीच सापडला. खोलीत एक खाट, एक मोरी. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं ठळक लिहिलं होतं: नळ बघ.

"पाणी कधी येतं?" इंदुबाईंनी विचारलं.

"कवा बी येतं. कवा येतच नाय."

"सुट्टीला काय करतोस?"

"आत्याकडं जातो, जोह्याला. सीझन हाय, हात लावायला लागतो."

"नकाशाबद्दल?"

"मला काय ठावं बाई, माझी शिफ्ट होती."

इंदुबाईंनी सगळ्यांना नकाशासमोर बसवलं.

"चोराला नकाशा हवा असता, तर तो घेऊन गेला असता. इथं कुणीतरी बदली नकाशा लावला. म्हणजे मूळ नकाशा लपवण्यासारखा झाला होता. चुना छतापासून खाली आलाय, म्हणजे पाणी वरून आलं. वर मोरी आहे. सकाळी नळ सोडला, पाणी नव्हतं, तसाच उघडा ठेवून माणूस शिफ्टला गेला. पाणी मागाहून आलं. दारावर खडूनं लिहायची अक्कलही मागाहूनच आली."

आदर्श खाली बघत होता.

"हे कळलं," पुंडलिक म्हणाले. "पण नकाशा काढला कुणी?"

"एलियासभाऊ एकेक बेट पुरं करतात. त्यांच्यासारख्याला वेळ कमी पडला, तर शेवटची दोन बेटं कोरी राहतील. इथं बाराही नटूनथटून बसलीत आणि बाराहींचं आतलं नाजूक काम तेवढं राहिलंय. नाजूक काम शेवटाला, तेही दुसऱ्या हाताला ठेवायची रीत कुणाची?"

"एसटीची?"

"आपण रोज ज्यांच्यातून जिना चढतो त्यांची, पुंडलिक. आदर्श, तुझी आत्या कोण?"

"सीताबाई," तो पुटपुटला. "नवा नकाशा पोपटदादानं रंगवला, तिच्या मुलानं. त्यानं सवयीनं मधलं सोडलं, आत्या लिवेल म्हणून. आत्या हमरापूरच्या कारखान्यात डोळे लिवायला अडकली. काका दोन दिस आधी येनार म्हनून कळलं, तवा तसाच लावला. खोलीतून काढतील ही भीती नव्हती हो. काकांचा डोळा बरा झाल्यावर पयलं त्यो बिघडलेला नकाशाच बघतील, म्हनून."

मग एलियासनी विचारलं, "माझा कुठंय?"

"आत्याकडं, गनपतीच्या फळीवर वाळतोय. निळा सगळा पसरला, पन काळी शाई तशीच हाय."

"पक्की शाई आहे ती. जा, घेऊन ये. पाच वाजेपर्यंत."

तो साडेचारला आला. एलियासनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी अंथरले आणि टाक उचलला.

"मामा, डॉक्टरांनी महिनाभर..." शीरा म्हणाली.

"उजवा डोळा डॉक्टरांचा, गो. डावा अजून माझाच आहे."

आदर्श डागाळलेल्या नकाशावरून एकेक खडक वाचत गेला, एलियास टिंब देत गेले. जोनाथन चुका काढायला बसले आणि एकही न सापडल्यामुळे नाराज झाले.

सकाळी दहाला छापखान्याचा माणूस आला. नकाशा बघून तो म्हणाला, "पाणी काय सुंदर रंगवलंय साहेब. खाली नाव काय घालू?"

"दोन घाला," एलियास म्हणाले. "समुद्र जोह्याच्या पोपटचा. खडक माझे."