बाद केलेल्या चार गुंडाळ्या

"रद्दीवाला चार वाजता येणार! हात चालवा, तोंड नंतर!" वकिलीण ओरडली. शेजारची ही मुलगी कशावरही वाद घालायची, म्हणून तिचं हे नाव.

"तू तोंडाशिवाय कधी काही चालवलंयस का?" चिंगीच्या मावसभावाने, ढोल्याने विचारलं.

चिंगी हसली नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या भूकंपात निरीक्षण केंद्राची इमारत कोसळली आणि यंत्र सांभाळणारे तिचे बाबा आतच गाडले गेले. आता केंद्र पत्र्याच्या शेडमध्ये होतं, आई तिथे कारकून होती आणि सुट्टी लागली म्हणून मुलं ढिगाऱ्यातून वाचलेले जुने कागद बांधायला आली होती.

"अरे, हे बघा!" ढोल्याने आलेखाच्या चार गुंडाळ्या ओढल्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बाद. यंत्रात बिघाड.' तारखा भूकंपाच्या अगदी आधीच्या चार दिवसांच्या!

चिंगीने एक गुंडाळी उलगडली. केंद्राच्या साहेबांनी अहवालात बाबांबद्दल लिहिलं होतं, 'तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे नोंदी वाया गेल्या.' तेव्हापासून आई या शेडमध्ये मान खाली घालून वावरायची.

दूरच्या रेडिओ केंद्राच्या लहरी आकाशात खूप उंचावरच्या आयनांबर नावाच्या थरावर आपटून परत येत आणि यंत्राची लेखणी त्यांचा जोर कागदावर काढी. मोठ्या भूकंपाआधी हा थर अस्वस्थ होतो की काय, हेच इथे तपासत होते. या चार दिवसांत तर लेखणी नुसती थयथयाट करत होती.

"थांबा, दहाची खूण बघू!" चिंगी एकदम म्हणाली. रोज सकाळी दहाला बाबा अँटेना काढून यंत्राला ठरलेला संकेत देत. यंत्र ठीक असेल, तर लेखणी बरोबर सहाव्या रेषेवर जाई.

चारही कागदांवर ती सहाव्या रेषेवरच होती! शेजारी बाबांची बारीक सही.

"म्हणजे यंत्र शहाणं होतं, आभाळच बिथरलं होतं!" ढोल्या म्हणाला. "चला, साहेबांना सांगू!"

"ते? पडले तरी नाक वर!" वकिलीण म्हणाली. "त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं."

साहेबांच्या टेबलापाशी मुख्यालयातून आलेल्या संशोधक बाई बसल्या होत्या. आईही फाइल घेऊन उभी होती. चिंगीने लाल अक्षरं आत दुमडून एक गुंडाळी पुढे केली.

"साहेब, यंत्र ठीक आहे हे कसं ओळखायचं हो?"

साहेब खुलले. "सोपं आहे! ही दहाची खूण. सहाव्या रेषेवर आहे ना? मग यंत्र ठणठणीत!"

"नक्की?" वकिलिणीने विचारलं.

"शंभर टक्के! हवं तर लिहून देतो!"

"लिहून दिलंयत तुम्ही, पण उलटंच," चिंगी म्हणाली आणि तिने घडी उलगडली.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंनी चष्मा लावून चारही गुंडाळ्या पाहिल्या. "शाब्बास, पोरांनो! हे आज रद्दीत गेलं असतं."

"ही भूकंपाची सूचना होती का?" चिंगीने विचारलं.

"नाही सांगता येत, बाळ. सूर्यावरच्या वादळानेही असं होतं. पण नोंद खरी आहे. तुझ्या बाबांचं काम चोख होतं."

साहेब उठून आईसमोर उभे राहिले. "ताई, मी खूण न बघताच शेरा मारला. अहवाल आजच बदलतो. पण... भूकंपाच्या दिवशी त्यांची सुट्टी होती. बिघाड शोधल्याशिवाय घरी जायचं नाही, असं सांगून मीच बोलावलं त्यांना."

"माहीत आहे," आई हळूच म्हणाली. "जेवायलाही थांबले नाहीत. बिघाड सापडत नाही, माझंच काहीतरी चुकत असेल, असं म्हणत गेले."

शाब्बासकी मिळाली होती, पण कुणालाच आनंद होईना.

"बिघाड नव्हताच गं, आई!" चिंगीला हुंदका आवरेना. "बाबा नसलेली गोष्ट शोधत बसले."