बाहेर तोंड केलेले बूट

सोमवारी राजवाडा बंद असतो, म्हणून दारांचे कागद बदलायचं आमचं काम सोमवारीच निघतं. तीस वर्षं मी हेच करतेय. जुना कागद भिजवून खरवडायचा, लाकडी जाळीला आतल्या बाजूने खळ लावायची, तुतीच्या सालीचा नवा कागद बसवायचा आणि वर पाण्याचा फवारा मारायचा. वाळला की ढोलकीसारखा ताठ होतो.

त्या दिवशी माझी एकुलती एक लेक दासोम मदतीला आली होती. लहानपणी ही बया ओलं बोट घालून नव्या कागदाला भोक पाडायची आणि डोळा लावून मला हसायची. त्यापायी तिने मारही पुष्कळ खाल्ला.

मागच्या बागेत, कमळतळ्याच्या काठी एका खोलीचं घर आहे. मला ते कधीच आवडलं नाही.

हा धंदा शिकवताना सासूबाईंनी एक गोष्ट बजावली होती. वाड्यातल्या खोलीत शिरताना पायरीच्या दगडावर बूट काढायचे आणि लगेच त्यांची तोंडं बाहेर वळवायची. म्हणजे आपण काम उरकून निघणार आहोत, हे आतल्यांना कळतं. स्वतःच्या घरी असं कुणी करत नाही. तिथे आपण राहायलाच आलेलो असतो.

त्या घराच्या पायरीशी दासोमने पांढरे बूट भिरकावले आणि ती आत शिरली.

"अगं, वळव ते."

"कशाला? घरी कुठे वळवते मी?"

"घर वेगळं. वळव म्हणते ना!"

"तूच वळव ना, माझे आई. माझे हात खळीने बरबटलेत."

मी वळवणारच होते. पण बादलीत पाणी नव्हतं आणि खळ सुकत चालली होती, म्हणून आधी नळावर गेले. अजून त्या बादलीचा राग येतो मला.

परतले तेव्हा दार लोटलेलं होतं, जाळीवर नवा कागदही बसवलेला होता. दगडावर तिचे बूट कुणीतरी नीट जोडून ठेवले होते. तोंडं आतच.

खोलीची मागची खिडकी उघडी होती. त्या उजेडाने ओल्या कागदावर दासोमची सावली पडली होती, गुडघ्यांवर बसलेली. तिच्या शेजारी तशीच दुसरी सावली बसली होती.

माझ्या हातून बादली सुटली.

"दासोम, कोण आहे गं आत?"

"कुणी नाही, आई."

आवाज तिचाच होता. कुठली सावली बोलली, ते मात्र कळलं नाही.

मी दार ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तिला हाका मारल्या, रडले.

मग ते आपसूक उघडलं.

आत ती एकटीच होती. हात मांडीवर, स्वच्छ. खळीचा एक डागही नव्हता.

ती बाहेर आली, पायांत बूट चढवले आणि नाडीकडे बघत उभी राहिली. शेवटी मीच खाली बसून बांधली.

आमच्यामागून प्योसाहेबांनी खोलीला कुलूप घातलं. वाड्याच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असतात. मी स्वतःला समजावत राहिले, पोर दमलीय, दुसरं काही नाही.

आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. दारात तिने बूट काढले. मग वाकली आणि दोन्ही हातांनी त्यांची तोंडं बाहेर वळवून ठेवली.

"हे काय गं?" मी विचारलं.

ती हसली. "कुणाच्या घरी गेलं की ठेवावेत ना असे."

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच राजवाडा गाठला. प्योसाहेब कुरकुरत बरोबर आले.

"काकू, आज पर्यटक येणार आहेत. काय ते पटकन आटपा."

कुलूप जसंच्या तसं होतं. नवा कागद ताठ वाळला होता. मधोमध, डोळ्याच्या उंचीवर, बोटाएवढं भोक होतं. कागद आतून बाहेर फाटला होता.

"उंदीर असेल," प्योसाहेब म्हणाले. "बुजवून टाका."

"आधी दार उघडा, साहेब. पाया पडते."

ते किल्ली शोधू लागले. मी भोकावर हात ठेवला.

त्याची कड अजून ओली होती.