डावा डोळा भुंगेऱ्यावर

काच-फ्रेमच्या दुकानात मेलेला भुंगेरा घेऊन जाणारी मी वडूजमधली पहिलंच गिऱ्हाईक असावे.

"फ्रेम करायची?" काउंटरमागच्या तरुणाने काडेपेटीत डोकावत विचारलं. "लय बारीक हाय. पण करतो."

"फ्रेम नको. काच हवी. पंचेचाळीस अंशांत तिरकी उभी राहणारी."

"मग बरोबर जागी आलाय. आमची सगळी रोजीरोटीच पंचेचाळीस अंशांत." त्याने फ्रेमचा कोपरा पुढे केला... दोन पट्ट्या तिरक्या कापून जोडलेल्या. तो हसला की एकच गाल वर जायचा. साधारण त्याच कोनात.

त्याचं नाव अश्फाक. मी सुमैरा, साताऱ्याच्या कॉलेजातून नुकतीच एमएस्सी झालेली. सरांच्या शोधनिबंधाला पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्याचं रेखाचित्र हवं होतं, शनिवारपर्यंत. मला जमलं तर निबंधावर माझंही नाव. नाही जमलं तर सर सांगलीच्या एका चित्रकाराला सांगणार होते. भिंगातलं दृश्य कागदावर गिरवता यावं म्हणून मायक्रोस्कोपला जोडायची चित्रनळी कॉलेजला परवडत नव्हती. मोबाईल भिंगाला लावून फोटो काढला, तर पाठ स्पष्ट यायची आणि पाय धूसर. म्हणून हा स्वस्तातला उपाय. भिंगापुढे तिरकी काच धरायची. काचेत भुंगेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं, काचेतून खालचा कागदही दिसतो. मग प्रतिबिंबावरून नुसती पेन्सिल फिरवायची.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा मायक्रोस्कोप चादरीत गुंडाळून दुकानात आणला. अश्फाकने दोन तिरक्या ठोकळ्यांवर काच बसवली. मी वाकून पाहिलं.

"दोन दिसतायत."

"कोन?"

"भुंगेरे. काच जाड आहे. पुढच्या बाजूने एक प्रतिबिंब, मागच्या बाजूने दुसरं."

"असू द्या की. जोडीनं बरा दिसतोय."

"रेखाचित्रात जोडी चालत नाही."

"तुमच्या सरांचं लगीन व्हायचं असंल अजून."

मी गंभीर राहायचा प्रयत्न केला — घाम पुसत. ते पाहून त्याने टेबलफॅन माझ्याकडे वळवला, आणि भुंगेरा उडून लाकडाच्या भुशात गेला. शोधताना आमची डोकी एकमेकांवर आपटली. सापडल्यावर अश्फाकने त्याला भिंगाखाली पाहिलं.

"ह्याच्या मिशीला बी पंखा हाय की!"

"नराचा मोठा असतो. मादी जवळ आली की उघडतो... तिचा वास टिपायला."

अश्फाकने मुकाट्याने टेबलफॅन बंद केला. त्याचे कान लाल झाले होते.

शुक्रवारी मी काचेचा नाद सोडला. आता उरला होता फुकटातला उपाय. डावा डोळा मायक्रोस्कोपात, उजवा उघडा, शेजारच्या कागदावर. अश्फाकने फ्रेमांची चळत रचून कागद उंच केला. मेंदू दोन्ही दृश्यं एकावर एक ठेवतो, असं वाचलं होतं. माझा मेंदू ठेवेना. मग उजवा डोळा मिटायचा, उघडायचा, पुन्हा मिटायचा... कागदाच्या बरोबर पलीकडे अश्फाक खिळे ठोकत बसलेला.

दुपारी त्याची फुफी, म्हणजे आत्या, हुसेनबी डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आरं अश्फाक, ही पोरगी तुला डोळा मारतीया!"

"सकाळपास्नं मारतीया, फुफी," तो हातोडी न थांबवता म्हणाला. "मी कायबी बोललो न्हाई."

"मग बोल की, मेल्या!"

"अहो, शास्त्रीय पद्धत आहे ही!" मी ओरडले.

"आमच्या येळंला बी हीच हुती," फुफी म्हणाली आणि डबा ठेवून शांतपणे निघून गेली.

मला हसू आवरेना. हसता हसताच पुन्हा वाकले... डोळ्यांवरचा ताण कधी सुटला कळलंच नाही, आणि भुंगेरा अलगद कागदावर येऊन बसला! मी पेन्सिल उचलली. पाय, नख्या, मिशीचा उघडा पंखा — एकेक रेघ जागेवर. अश्फाकने तासभर एकही खिळा ठोकला नाही. टेबल हलेल म्हणून.

शनिवारी संध्याकाळी साताऱ्याहून परतताना मी थेट दुकानात गेले.

"घेतलं चित्र सरांनी?"

"घेतलं. माझ्या नावासकट."

"लय बेस झालं." तो हसला, पण गाल पुरता वर गेला नाही. "म्हंजे आता तुमचं हिकडं... काम न्हाई काय."

मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले. त्याच्याकडे पाहिलं. उजवा डोळा मिटला, उघडला.

अश्फाकने मागे वळून पाहिलं. मागे नुसत्या रिकाम्या फ्रेमा.

"हे... पद्धतीतलंच का?"

"भुंगेरा साताऱ्याला राहिलाय," मी म्हणाले. "आणि मायक्रोस्कोपही."

तो उठला, टेबलफॅन लावला आणि हळूच माझ्याकडे वळवला.

"शास्त्रात असंच हाय न्हवं?" तो म्हणाला.