बाबांनी थांबवलेली चाल

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

गेल्या वर्षीची, रविवारची दुपार. एका शाळेचं सभागृह. बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी.

जिंकलो तर खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी. बरोबरी चालणार नव्हती. त्यात वाट्याला आले काळे मोहरे.

बाबा पंधरा मिनिटांवरच्या हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी म्हणाले, "जा रे. इथे काय माझं तोंड बघत बसणार आहेस?"

गेलो. नियमाप्रमाणे मोबाईल दाराशी जमा केला.

खेळ बाबांनीच शिकवला होता. मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो. म्हणून माझा हात चुकीकडे निघाला की ते मागून खुर्चीच्या पाठीवर बोटानं दोनदा वाजवायचे.

एकोणतिसावी चाल. हत्तीकडे हात नेला...

टक्. टक्.

वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

पुन्हा पटाकडे पाहिलं. हत्ती हलवला असता तर वजीर गेला असता. घोडा खेळलो.

थोड्या वेळानं पुन्हा... टक्. टक्.

आता तर माझा हात मांडीवर होता. वाटलं, अजून विचार कर म्हणतायत. बसून राहिलो.

तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की खुर्ची हलली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

तरी उठलो नाही.

मग आवाज आलाच नाही.

पाच वाजता समोरच्यानं राजा आडवा केला आणि हात मिळवला. काळ्यानं डाव जिंकला होता.

दाराशी मोबाईल घेतला. आईचे सतरा मिस्ड कॉल.

"चार-दहाला गेले," आई म्हणाली. "दुपारपासून तुझंच नाव घेत होते रे."

मला काहीच वाटलं नाही. खरंच. रडूसुद्धा आलं नाही. डावाच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आलो.

पायरीवर मघाचा प्रतिस्पर्धी लेस बांधत होता.

"तुमच्या मागे ते अनवाणी काका कोण हो उभे होते?" त्यानं विचारलं. "आधी वाटलं, तुम्हाला चाली सांगतायत. पंचांना बोलावणार होतो."

"मग?"

"पण ते पटाकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघायचे, मग दाराकडे. परत तुमच्याकडे, परत दाराकडे... शेवटी एकटेच निघून गेले बिचारे."

नोकरी लागली. आईला हे अजून सांगितलेलं नाही.